टोपीखालचा माणूस : 'क्रेझी कॅट'चा जनक जॉर्ज हेरिमन

१/
जॉर्ज हेरिमन या अमेरिकी व्यंगचित्रकाराविषयी दोन सरकारी कागद आहेत. १८८० साली न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या जन्माच्या नोंदीत त्याचा वर्ण 'कलर्ड', म्हणजे अश्वेत, असा लिहिला आहे. १९४४ साली लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या मृत्यूच्या नोंदीत तोच माणूस 'कॉकेशियन', म्हणजे गोरा, आहे.

२/
या दोन नोंदींच्या मधल्या आयुष्यात त्याने 'क्रेझी कॅट' ही वृत्तपत्रीय चित्रमालिका निर्माण केली. या कलेचा इतिहास लिहिणारे अनेक अभ्यासक तिला अत्युच्च स्थान देतात. नोंदीतला तो एक शब्द कसा बदलला, आणि त्या बदलाच्या प्रकाशात त्याची चित्रे कशी वाचावीत, हा या धाग्याचा विषय.

३/
हेरिमनचे घराणे न्यू ऑर्लिन्सच्या मिश्रवंशीय क्रिओल समाजातले. फ्रेंच भाषा, कॅथलिक पंथ आणि हातात एखादी कारागिरी ही या समाजाची ओळख. त्यातली अनेक कुटुंबे गुलामगिरी संपण्यापूर्वीपासूनच स्वतंत्र होती. हेरिमनचे वडील शिंपीकाम करत.

४/
यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मिळालेले हक्क १८७७ नंतर एकेक करून हिरावले जाऊ लागले. १८९० साली लुइझियाना राज्याने रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि इतरांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. या कायद्याला आव्हान देण्यासाठी होमर प्लेसी १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. तो याच क्रिओल समाजातला, व्यवसायाने चर्मकार. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरोधात दिला आणि 'वेगळे, पण समान' या तत्त्वावर वंशभेदाला घटनात्मक मान्यता मिळाली.

५/
हेरिमन कुटुंबाने याच सुमारास, जॉर्ज साधारण दहा वर्षांचा असताना, न्यू ऑर्लिन्स सोडून लॉस एंजेलिस गाठले. नव्या शहरात त्यांना गोरे मानले गेले. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात या प्रकाराला 'पासिंग' म्हणतात. त्यासाठी उजळ वर्ण पुरेसा नसे. मूळ गाव, नातेवाईक आणि भूतकाळ यांविषयी मौन पाळावे लागे, आणि ते मौन मुलाबाळांपर्यंत निभवावे लागे.

६/
जॉर्जने १८९७ साली लॉस एंजेलिसच्या सेंट व्हिन्सेंट्स महाविद्यालयातले शिक्षण पूर्ण केले आणि 'लॉस एंजेलिस हेराल्ड'च्या खोदकाम विभागात नोकरी धरली. १९०० साली तो न्यूयॉर्कला गेला. सुरुवातीला कोनी आयलंडच्या जत्रेत फलक रंगवून पोट भरले. पुढे 'जज' या विनोदी साप्ताहिकात त्याची चित्रे छापली जाऊ लागली.

७/
१९०२ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी त्याने 'म्युझिकल मोज' ही अल्पजीवी मालिका काढली. तिचा नायक एक कृष्णवर्णीय वादक. तो दुसऱ्याच वंशाचे सोंग घेतो, सोंग उघडे पडते आणि तो मार खातो. चित्रण त्या काळच्या वंशवादी साच्यातलेच आहे. त्याच वर्षी जुलैत हेरिमनने मेबल ब्रिज या गोऱ्या तरुणीशी लॉस एंजेलिसमध्ये लग्न केले. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातला विवाह कॅलिफोर्नियात तेव्हा बेकायदा होता. ती बंदी न्यायालयाने रद्द केली ती १९४८ साली, हेरिमनच्या मृत्यूनंतर. म्हणजे त्याचे मौन सुटले असते, तर त्याच्या लग्नाची वैधताच धोक्यात आली असती.

८/
वृत्तपत्राच्या कचेरीतले सहकारी त्याला 'ग्रीक' म्हणत, आणि त्या समजाला त्याने धक्का लावला नाही. त्याची बहुतेक छायाचित्रे टोपी घातलेली आहेत. घरातही त्याच्या डोक्यावर टोपी असे. कुरळे केस झाकण्यासाठी ती होती, असे तर्क पुढे अनेकांनी केले.

९/
१९१० साली तो विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या 'न्यूयॉर्क इव्हिनिंग जर्नल'मध्ये होता. ४ जुलैला जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने जिम जेफ्रीज या गोऱ्या माजी विजेत्याला हरवले आणि देशभर कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. या लढतीवर हेरिमननेही चित्रे काढली होती. त्याची 'द डिंगबॅट फॅमिली' ही मालिका तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. २६ जुलैला तिच्या चौकटींच्या तळाशी एका लहानशा उंदराने काळ्या मांजराच्या डोक्यात काहीतरी फेकून मारले. 'क्रेझी कॅट'चा उगम तो हाच.

१०/
ऑक्टोबर १९१३ मध्ये मांजर आणि उंदीर यांची स्वतंत्र दैनिक मालिका सुरू झाली. १९१६ पासून तिला आठवड्यातून एकदा पूर्ण पान मिळाले. कथानक एका वाक्यात सांगता येते. इग्नॅट्झ उंदीर क्रेझीला वीट मारतो, क्रेझी त्या विटेला प्रेमाची खूण समजते आणि क्रेझीवर जीव असलेला हवालदार पप उंदराला कोठडीत टाकतो. एवढ्याच सूत्रावर हेरिमनने तीस वर्षे चित्रे काढली.

११/
हे सारे घडते कोकोनिनोत. या नावाचा जिल्हा ॲरिझोनात खरोखरच आहे. चित्रांतली भूमी मात्र मुख्यतः मॉन्युमेंट व्हॅलीची. त्या वाळवंटात हेरिमन वारंवार जाई. त्याच्या चित्रांत पात्रे जागच्या जागी उभी असताना मागचा डोंगर पुढच्या चौकटीत झाड होतो आणि दिवसाची रात्र होते. क्रेझी नर की मादी, हेही त्याने कधी पक्के केले नाही. जिथे प्रत्येक माणसाला कायद्याने एका खान्यात बसवले जात होते, त्या देशात हे चित्रविश्व कोणत्याच खान्यात बसत नव्हते.

१२/
सामान्य वाचकाला ही मालिका दुर्बोध वाटे. विचारवंतांना मात्र ती भावली. समीक्षक गिल्बर्ट सेल्डेसने १९२४ साली लोकप्रिय कलांवरील आपल्या पुस्तकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. खप वाढवणारी नसूनही ती टिकली ती मुख्यतः हर्स्टच्या आग्रहामुळे. हेरिमन २५ एप्रिल १९४४ रोजी वारला. लोकप्रिय मालिका दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवण्याची प्रथा असताना हर्स्टने ही बंद केली. शेवटचे पान २५ जूनला छापले गेले. हेरिमनची रक्षा मॉन्युमेंट व्हॅलीत विखुरण्यात आली.

१३/
मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचे जन्मस्थान पॅरिस असे नोंदले गेले आणि विषय मिटल्यासारखा झाला. १९७१ साली समाजशास्त्रज्ञ आर्थर एसा बर्गर एका चरित्रकोशासाठी नोंद लिहीत होता. त्याने जन्माचा दाखला मागवला, तेव्हा 'कलर्ड' हा शब्द समोर आला. १८८० च्या जनगणनेतही हेरिमनच्या आईवडिलांची नोंद 'मुलॅटो', म्हणजे मिश्रवंशीय, अशी आहे.

१४/
मग जुनी पाने नव्याने वाचली जाऊ लागली. एका पानात क्रेझी सौंदर्यप्रसाधनगृहात जाऊन पांढरीशुभ्र होऊन येते, आणि एरवी विटा मारणारा इग्नॅट्झ तिच्यावर भाळतो. ओळख पटताच पुन्हा वीट! दुसऱ्या एका पानात काजळीने काळा झालेला इग्नॅट्झ क्रेझीला ओळखू येत नाही. रंग बदलला की प्रेमही बदलते, हा विनोद १९७१ पूर्वीच्या वाचकाला निव्वळ गंमत वाटला असेल.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन टोके टाळावीत. जन्माच्या दाखल्याकडे डोळेझाक करून ही पाने वाचणे आता शक्य नाही. पण प्रत्येक वीट म्हणजे वंशद्वेष आणि प्रत्येक काळी रेघ म्हणजे कबुली, असे मानणे हा कलावंतावर अन्याय ठरेल. २६ जुलै १९१० ही तारीख ४ जुलैनंतर तीन आठवड्यांनी येते. कालक्रम तेवढेच सांगतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. शिवाय दाखल्यातला 'कलर्ड' हा शब्दही एका विशिष्ट व्यवस्थेने ठरवलेला होता. तीच व्यवस्था नसती, तर 'कॉकेशियन' या शब्दाची गरजच पडली नसती.

१६/
१९७२ साली कृष्णवर्णीय कादंबरीकार इश्माएल रीडची 'मम्बो जम्बो' प्रसिद्ध झाली. तिच्या अर्पणपत्रिकेत 'क्रेझी कॅट'चा निर्माता म्हणून जॉर्ज हेरिमनचे नाव आहे, आणि त्या नावापुढे 'आफ्रिकी-अमेरिकी' असा स्पष्ट उल्लेख आहे. हेरिमनच्या मृत्यूला तेव्हा २८ वर्षे झाली होती.