घळीतला एकांत आणि घरातला एकांत

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. सातवीनंतर माझा हात वाणसामानाच्या याद्या लिहिण्यापलीकडे फारसा गेलेला नाही. परंतु गेल्या वर्षी आपण सर्वजणी शिवथरघळीला गेलो होतो. येताना गाडीत एकजण म्हणाली, "सगळं सोडून इथंच राहावंसं वाटतं गं!" आपण सगळ्या हसलो. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. म्हणून त्यावरच चार शब्द लिहिते.

रान जवळ करणाऱ्यांची परंपरा आपल्या महाड तालुक्याला नवीन नाही. महाडजवळ हमरस्त्यालगतच गांधारपाल्याची लेणी आहेत. डोंगर कोरून केलेल्या त्या खोल्या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या. घरदार सोडलेले बौद्ध भिक्खू तेथे राहत. मंडळातील आपल्या एका बौद्ध भगिनीने मला समजावून सांगितले की, भिक्खू एरवी गावोगाव फिरत आणि पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहत. त्याला वर्षावास म्हणतात. आता गंमत पाहा. ही लेणी घनदाट अरण्यात नाहीत, नदीकाठी आणि गावाच्या नजरेत आहेत, कारण सकाळी भिक्षेला गावात यावे लागे. तिथल्या शिलालेखांत विष्णुपालित नावाच्या एका कुमाराने लेणे करवून दिल्याचे कोरलेले आहे. म्हणजे ज्यांनी समाज सोडला, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर समाजानेच दिले आणि पात्रातला भातही त्यानेच वाढला. तो भात रांधणारीचे नाव कोठे कोरलेले असेल, असे मला वाटत नाही.

आता शिवथरघळीकडे येऊ. महाडहून बिरवाडीमार्गे वरंध घाटाच्या बाजूला आत गेले की डोंगराच्या कुशीत ही घळ लागते. पावसाळ्यात तिच्या तोंडाशीच धबधबा कोसळतो आणि त्याच्या आवाजात शेजारणीचे बोलणेही ऐकू येत नाही. श्रीसमर्थ रामदासस्वामी येथे राहिले, येथेच त्यांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. घळीत त्या दोघांच्या मूर्ती आहेत. मधली कित्येक वर्षे ही जागा विस्मृतीत गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थांचे जुने कागद धुंडाळण्यात आयुष्य घालवले. त्यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली, तेव्हा ती पुन्हा लोकांना ठाऊक झाली.

समर्थांची कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकली आहे. १६०८ साली मराठवाड्यात जांब गावी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकताच ते मांडवातून निघून गेले. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, पुढे बारा वर्षे तीर्थाटन. चोवीस वर्षांनी ते परत आईला भेटले, तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, असे सांगतात. लहानपणी ही कथा ऐकताना मला पळून जाणाऱ्या नारायणाचे कौतुक वाटे. आता मुले मोठी झाल्यावर माझे लक्ष मांडवातच अडकते. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मी कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही. आणि उंबऱ्याकडे कान लावून बसलेल्या आईची चोवीस वर्षे कोणी मोजावी?

समर्थांना मी दोष देत नाही. माझी ती पात्रताही नाही. उलट मला नवल याचे वाटते की, बाराव्या वर्षी संसार टाकून गेलेल्या या पुरुषाने घळीत बसून जो ग्रंथ सांगितला, त्यात संसाराचीच केवढी चिंता आहे! वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या. त्यात मूर्खाची लक्षणे आहेत, अक्षर कसे काढावे, शाई-कागद कसे जपावे हेही आहे. प्रपंच नीट न करता जो परमार्थाच्या मागे लागतो तो कष्टी होतो, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. एकांत हवा, पण तो विचार करण्यासाठी, आणि विचार झाला की पुन्हा लोकांत यायचे. समर्थ स्वतः तसेच वागले. १६४८ साली चाफळला राममंदिर उभे केले, ठिकठिकाणी मठ स्थापले, आणि शेवटी सज्जनगडावर देह ठेवला.

मग तुम्ही विचाराल की, बायकांनी काय करावे? आपल्याला कोण घळीत बसू देणार? त्याचेही उत्तर त्याच इतिहासात थोडे मिळते. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या काळी विधवेच्या वाट्याला घरातला एक अंधारा कोपरा येई. तोही एकांतच, पण दुसऱ्यांनी लादलेला. वेणाबाई त्यातून बाहेर पडल्या, समर्थांच्या शिष्या झाल्या, उभे राहून कीर्तन करू लागल्या, 'सीतास्वयंवर' लिहिले आणि मिरजेचा मठ चालवला. अक्काबाईंनी चाफळ आणि सज्जनगडची व्यवस्था सांभाळली. या दोघी समाज टाकून गेल्या नाहीत. समाजाने त्यांना टाकले होते, त्या काम करीत परत आल्या.

हा लादलेला एकांत आपल्या खाडीपट्ट्यात घरोघरी आहे. कोणाचा नवरा मुंबईला, कोणाचा मुलगा आखातात. घरात एक म्हातारी, एक गाय आणि देवाजवळचा दिवा. त्यांना कोणी विरक्त म्हणत नाही.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्यात बुडाले आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या गावी जाणारी वाट शिवथरघळीच्याच अंगाला आहे. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या होत्या, ते आपण विसरलेलो नाही. २०२१ च्या त्या दिवशी वीज गेली, फोन बंद पडले. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक म्हातारी एकटीच राहते. मी तिला काकी म्हणते. "मला एकटीलाच बरं वाटतं," असे ती नेहमी म्हणे, म्हणून मी दोन दिवस तिच्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, तर कौले उडालेली, चूल विझलेली आणि काकी भिंतीला टेकून पोत्यावर बसलेली. ती एवढेच म्हणाली, "बरं वाटतं म्हटलं होतं गं, येऊ नको म्हटलं नव्हतं."

काकी आज सुखरूप आहे. परंतु तिच्या त्या शब्दांनी मला जे शिकवले, ते मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते. स्वतः निवडलेला एकांत आणि वाट्याला आलेला एकटेपणा बाहेरून सारखेच दिसतात. जवळ जाऊन विचारल्याशिवाय फरक कळत नाही. लेण्यातल्या भिक्खूसाठीसुद्धा गावात कोणीतरी भात राखून ठेवीत होते.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. आपल्यापैकी प्रत्येकीला दिवसातून घटकाभर स्वतःसाठी मिळावी. त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये, मग ती पोथी वाचो, नमाज पढो, की नुसती ओटीवर बसो. आणि दुसरी सूचना अशी की, मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी गावातील एकट्या राहणाऱ्या बायांची यादी करून त्यांची घरे आपण आपसात वाटून घ्यावी. पाऊस फार झाला तर त्या त्या घरी त्या त्या भगिनीने जावे.

वाणसामानाच्या याद्या मी पुष्कळ लिहिल्या आहेत. ही यादीही मी लिहून देईन. पहिले नाव काकीचे असेल, आणि तिच्यापुढे माझे.