ग्राहकनीती

वस्तू विकत घेताना तिची किंमत व उपयुक्तता यांबरोबरच ती कोणी, कोठे व कोणत्या परिस्थितीत तयार केली, तिच्या किमतीतील किती हिस्सा उत्पादकाच्या हाती पडला आणि मुळात तिची गरज होती काय, यांचा विचार करणे म्हणजे ग्राहकनीती होय. न्याय्य व्यापार, साधी राहणी व स्थानिक अन्नाचा वापर ही तिची प्रमुख अंगे मानली जातात. महाराष्ट्रात ही कल्पना स्वदेशीच्या रूपाने रुजली. वस्तू कोणत्या देशाची, या प्रश्नापासून ती करणाऱ्याला काय मिळाले, या प्रश्नापर्यंतची वाटचाल तिच्या इतिहासात दिसते. या वाटचालीत दक्षिण कोकणाचा संबंध कधी मजूर पुरविणारा, कधी प्रयोग करणारा आणि कधी माल विकणारा प्रदेश म्हणून आलेला आहे.

पार्श्वभूमी : खरेदी न करणे हेही एक नैतिक साधन होऊ शकते, याचा प्रत्यय अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आला. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा प्रस्ताव १७९१ मध्ये पार्लमेंटने फेटाळल्यानंतर असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमावर पिकणारी साखर वर्ज्य केली. पुढे रॉचडेल येथील कामगारांनी १८४४ मध्ये स्थापिलेल्या सहकारी भांडाराने शुद्ध माल, योग्य माप आणि नफ्यात ग्राहकाचा वाटा ही तत्त्वे रूढ केली. बहिष्कार आणि सहकार या दोन्ही मार्गांचा अवलंब पुढे महाराष्ट्रातही झाला.

स्वदेशीचे व्रत : लोकहितवादींनी शतपत्रांतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच देशी मालाच्या वापराचा पुरस्कार केला होता. या विचाराला आचाराचे रूप दिले ते गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी. पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेत (१८७०) पुढाकार घेणाऱ्या जोशी यांनी १८७२ मध्ये हाताने कातलेल्या व विणलेल्या देशी कापडाचीच वस्त्रे वापरण्याची शपथ घेतली. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते याच वेषात उपस्थित राहिले. देशी मालाच्या विक्रीसाठी दुकाने काढण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. खरेदी ही केवळ खाजगी बाब नसून सार्वजनिक कर्तव्य आहे, ही जाणीव त्यांच्या व्रतात स्पष्ट दिसते.

बंगालच्या फाळणीनंतर (१९०५) या व्रताची चळवळ झाली. लोकमान्य टिळकांनी स्वदेशी व बहिष्कार यांचा प्रसार केला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि १९०६ मध्ये मुंबईत स्वदेशी वस्तूंचे सहकारी भांडार निघाले. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडात सामान्य माणसाकडून अल्प वर्गणी घेतली जाई. या निधीतून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला (१९०८). ग्राहकाने केवळ माल न घेता उत्पादनाचे भांडवलही पुरवावे, अशी त्यामागील दृष्टी होती.

स्वदेशीतील उणीव : देशी कापडाला मागणी वाढली, तेव्हा तिचा मोठा लाभ गिरणीमालकांना झाला. याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आल्याने सूर्यास्तानंतरही काम चालू ठेवणे शक्य झाले व कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक, लांबला. १९०५ मध्ये कामगारांचा असंतोष उघड झाला. चौकशी समित्या व आयोग यांच्यानंतर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला. या कामगारांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचे प्रमाण मोठे होते; आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. कणकवली, मालवण, देवगड या भागांतील घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालत. देशप्रेमाने विकत घेतलेल्या धोतराच्या विणीत अशा रीतीने कोकणी मजुराच्या अतिश्रमाचा धागा होता. माल स्वदेशी असला म्हणजे तो न्याय्य असतोच असे नाही, हा या काळाचा धडा होय.

योग्य मजुरीचा प्रश्न : महात्मा गांधींच्या खादी चळवळीने ग्राहक व उत्पादक यांतील अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. अखिल भारतीय चरखा संघ (१९२५) सुताची खरेदी व खादीची विक्री पाहत असे. तथापि खादी स्वस्त राहावी म्हणून कातणाऱ्या स्त्रियांची मजुरी अत्यल्प ठेवली जाते, हे लवकरच ध्यानात आले. विनोबा भावे यांनी १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळील नालवाडी येथे केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महागली आणि हा भार ग्राहकाने स्वेच्छेने उचलावा अशी अपेक्षा करण्यात आली.

वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हाच विचार अन्नाला लागू केला. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व गूळ यांचा त्याने प्रचार केला. संघाचे प्रमुख कार्यकर्ते जे. सी. कुमारप्पा यांच्या मते वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या परिस्थितीत निर्माण झाली, त्या परिस्थितीच्या जबाबदारीचाही वाटेकरी होतो. उत्पादन जवळचे असेल तरच ही परिस्थिती ग्राहकाला दिसू शकते. म्हणून स्थानिक वस्तूंचा आग्रह हा केवळ भावनेचा प्रश्न राहत नाही.

गोपुरी : ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कणकवलीजवळ वागदे येथे १९४८ मध्ये गोपुरी आश्रम स्थापन केला. मृत जनावरांचे कातडे सोडवून कमावणे आणि मैल्यापासून खत करणे ही येथील वैशिष्ट्यपूर्ण कामे होत. चामड्यासाठी जनावर मारले जाऊ नये, हा कातडी कामामागील एक हेतू होता. त्याहून महत्त्वाचा हेतू असा, की ज्या कामामुळे विशिष्ट जातींना अस्पृश्य ठरविण्यात आले, ते काम सर्वांनी करावे. चप्पल सर्वांना हवी, परंतु ती करणारा हात दूर हवा, या वृत्तीवर हा आघात होता. वस्तूच्या किमतीबरोबर ती करणाऱ्याच्या प्रतिष्ठेचाही विचार झाला पाहिजे, ही अप्पासाहेबांच्या कार्याने ग्राहकनीतीत घातलेली भर होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : महागाई, भेसळ व साठेबाजी यांच्या पार्श्वभूमीवर १९७० नंतर ग्राहक स्वतः संघटित होऊ लागला. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांचे संघ करून त्यांची मासिक मागणी एकत्र नोंदवावयाची, माल एकगठ्ठा खरेदी करावयाचा आणि सभासदांनीच त्याचे वाटप करावयाचे, ही तिची पद्धती होय. दुकान व जाहिरात यांचा खर्च यात टळतो. ग्राहकाच्या हक्कांना १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वैधानिक आधार दिला. १९८६ च्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. मात्र या कायद्यांचा भर फसवणुकीपासून ग्राहकाचे रक्षण करण्यावर आहे. उत्पादकाविषयीचे ग्राहकाचे कर्तव्य त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

हे कर्तव्य चिन्हाद्वारे सुलभ करण्याचा प्रयत्न यूरोपात झाला. १९८८ मध्ये नेदर्लंड्समध्ये मेक्सिकोतील शेतकऱ्यांच्या कॉफीसाठी ‘माक्स हाव्हेलार’ हे चिन्ह सुरू झाले. जावातील शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवरील डच कादंबरीच्या (१८६०) नायकाचे हे नाव होय. पुढे अशा चिन्हांमागील संस्था एकत्र येऊन १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. बाजारभाव कोसळला तरी ठरलेला किमान भाव आणि सामूहिक कामांसाठी अधिक रक्कम, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे.

कोकणातील सद्यःस्थिती : देवगडकडून येणारा रस्ता कणकवली तालुक्यातील नांदगाव येथे मुंबई–गोवा महामार्गास मिळतो. देवगडचा हापूस आंबा या वाटेने मुंबईकडे जातो, तर घाटावरचा भाजीपाला फोंडा घाट उतरून या परिसरात येतो. स्थानिक अन्नाचा प्रश्न येथे दुहेरी आहे : बाहेर जाणाऱ्या फळाचा योग्य मोबदला बागायतदारास मिळावा आणि भात, नाचणी, कुळीथ, कोकम यांसारख्या घरच्या पिकांना घरचे ग्राहक टिकून राहावेत. हंगामापूर्वी दलालाकडून उचल घेतलेल्या बागायतदारास भाव ठरविण्याचे स्वातंत्र्य फारसे उरत नाही. यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळ थेट ग्राहकास विकण्याची व्यवस्था उभारली. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला (२०१६) आणि कोकणच्या हापूसला (२०१८) भौगोलिक निर्देशनही मिळाले आहे. या निर्देशनाने फळ कोठले, याची ग्वाही मिळते. बागेतील मजुरास काय मिळाले, हे त्यावरून कळत नाही.

मर्यादा : न्याय्य किंमत देण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते. सधन ग्राहकाला जे व्रत वाटते, ते अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास ओझे ठरू शकते. चिन्हे, व्रते व सहकारी संघ ही ग्राहकनीतीची साधने आहेत. किमान वेतन, कामाचे तास व बाजारव्यवस्था यांविषयीच्या कायद्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. गिरणी कामगाराचा दिवस १९११ मध्ये आखूड झाला, तो ग्राहकाच्या व्रतामुळे नव्हे, तर कामगारांचा असंतोष, चौकशी व कायदा यांमुळे. तथापि वस्तूमागील माणूस ग्राहकाच्या दृष्टीस आणून अशा कायद्यांस लोकमताचे बळ देणे, हे कार्य ग्राहकनीती करू शकते.