पाच पिनांची कुळकथा

विजेच्या गाडीत वीज कुठल्या तोंडाने भरायची, यावरून अमेरिकेत पहिला तंटा झाला तो गेल्या शतकाच्या अखेरीस. १९९६ साली जनरल मोटर्सने ‘ईव्ही१’ ही गाडी भाडेकरारावर द्यायला सुरुवात केली. तिला आपण ज्याला प्लग म्हणतो तसलं काही नव्हतंच. पुढे नाकाडात एक फट होती आणि तिच्यात प्लास्टिकचं चपटं वल्हं सारायचं. वल्ह्यात तारेचं वेटोळं, गाडीत दुसरं वेटोळं. वीज चुंबकीय क्षेत्रातून एकातून दुसऱ्यात उतरायची, धातूला धातू लागायचाच नाही. भर पावसात ओल्या हातांनी भरा, झटका बसायची भीती नाही. मला तर ही युक्ती अजून आवडते. निस्सान आणि टोयोटा या बाजूला होत्या. फोर्ड आणि होंडा मात्र धातूच्या पिनांवर अडून राहिल्या, त्यामुळे सार्वजनिक जागी दोन्ही तऱ्हांचे चार्जर ठेवावे लागत. शेवटी २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने पिनांच्या बाजूने कौल दिला. वल्हं गेलं, आणि काही वर्षांत ‘ईव्ही१’ गाड्याही परत घेऊन बहुतेक चुरडून टाकल्या गेल्या.

त्या खेपेला निवाडा सरकारी मंडळाने केला होता. पुढच्या खेपेची तऱ्हा वेगळी होती.

मूळ अडचण विजेच्या दोन जातींची. घरात येते ती एसी, बॅटरीला लागते ती डीसी. सावकाश भरायचं तर एसी गाडीत घ्यायची आणि तिथल्या लहानशा चार्जरने तिची डीसी करायची. झटपट भरायचं तर हे रूपांतर बाहेर, कपाटाएवढ्या यंत्रात उरकून डीसी थेट बॅटरीत सोडायची. म्हणजे गाडीत शिरायच्या वाटा दोन. जपानच्या याझाकी कंपनीने घडवलेला पाच पिनांचा गोल प्लग अमेरिकेतल्या ‘एसएई’ या इंजिनीअरांच्या संस्थेने २०१० च्या सुरुवातीला ‘जे१७७२’ या मानकात घेतला, पण तो फक्त एसीपुरता. झटपट चार्जिंगसाठी जपान्यांचा ‘चाडेमो’ निराळा, म्हणून निस्सान लीफच्या नाकावर दोन तोंडं. २०१२ मध्ये जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांनी मिळून ‘सीसीएस’ पुढे आणला: वर तोच जुना गोल प्लग, खाली डीसीच्या दोन जाडजूड पिना. जुन्या वाड्याला मागून सिमेंटचं न्हाणीघर जोडावं तसा तो दिसतो. त्यात शहाणपण होतं, कारण विकल्या गेलेल्या गाड्यांचा एसी प्लग नव्या सॉकेटात बसत राहिला. पण हाताला तो जड आणि ओबडधोबडच.

त्याच वर्षी जूनमध्ये टेस्लाची ‘मॉडेल एस’ रस्त्यावर आली. तिच्या इंजिनीअरांनी दोन वाटांसाठी दोन दारं केलीच नाहीत. मोठ्या पिना दोनच. त्यांतून एसीही येणार आणि डीसीही. आत आल्यावर तिला चार्जरकडे वळवायचं की थेट बॅटरीकडे, हे गाडीतली स्विचं ठरवणार. उरलेल्या तीन पिनांपैकी एक अर्थिंगची, दोन संकेतांच्या. म्हणून प्लग मुठीत मावेल एवढा. हे जमलं, कारण टेस्लाला कोणाची संमती घ्यायची नव्हती: गाडी तिची, चार्जरही तिचा. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात तिची पहिली सहा सुपरचार्जर स्टेशनं उघडली.

खरी लढाई प्लगची नव्हतीच, ती या स्टेशनांची होती. बाकीच्या कंपन्यांचा हिशेब सरळ होता: पेट्रोल पंप काही मोटार कंपन्यांनी बांधले नव्हते, मग हे आपण का बांधायचे? टेस्ला बांधत गेली. फोक्सवॅगनने अमेरिकेत चार्जिंगचं जाळं उभारलं, पण ते डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेल्या लबाडीबद्दल दोन अब्ज डॉलर खर्चायची अट पडली म्हणून. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातले ६५७ सार्वजनिक झटपट चार्जर प्रत्यक्ष जाऊन तपासले गेले, तेव्हा ७२.५ टक्केच धड चालत होते. कुठे पडदा मेलेला, कुठे पैसे घेणारं यंत्र ठप्प, कुठे केबलच गाडीपर्यंत पोचेना. हे सगळे सीसीएसवाले.

सरकारचं वजन मात्र सीसीएसच्याच पारड्यात होतं. महामार्गांवर चार्जर उभारायला २०२१ च्या कायद्याने पाच अब्ज डॉलर काढून ठेवले आणि त्या पैशातून उभ्या राहणाऱ्या स्टेशनांवर सीसीएस हवाच, असा नियम झाला. टेस्लाने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी आपल्या प्लगचे आराखडे खुले केले आणि त्याला नाव दिलं ‘नॉर्थ अमेरिकन चार्जिंग स्टँडर्ड’. तेव्हा तो वापरणारी बडी कंपनी एकच, ती स्वतः! धाडस पाहावं. पण रस्त्यावर त्या प्लगाच्या गाड्या सीसीएसच्या दुप्पट आहेत, हा टेस्लाचा दावा काही पोकळ नव्हता.

२५ मे २०२३ ला फोर्डचे जिम फार्ली ट्विटरवरच्या थेट गप्पांत टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांच्यासोबत बसले आणि फोर्डच्या गाड्यांना बारा हजार सुपरचार्जर खुले होणार असल्याचं जाहीर केलं. दोन आठवड्यांनी जनरल मोटर्स, वल्हंवाली तीच. मग रांगच लागली. डिसेंबरपर्यंत फोक्सवॅगनही आली. ‘एसएई’ने जूनअखेर आपण याचं मानक करू म्हटलं आणि डिसेंबरात ‘जे३४००’ हा क्रमांक दिला. आधी मानक, मग वापर हा शिरस्ता इथे उलटा झाला.

सीसीएस पुरता हरला असंही नाही. गाडी आणि चार्जर आपसात बोलतात: बॅटरी किती भरली, किती वीज सोसेल. परक्या गाड्यांशी बोलताना टेस्लाची स्टेशनं सीसीएसचीच भाषा बोलतात. आकार टेस्लाचा, बोली विरोधकाची. सुरुवातीच्या वर्षांतल्या स्टेशनांना ती येत नाही, म्हणून तिथे परक्या गाड्यांना भरता येत नाही. शिवाय टेस्लाचं तोंड मागच्या डाव्या दिव्यापाशी आणि केबल बेताचीच. फोर्डच्या पिकअपचं तोंड पुढे. ती वेडीवाकडी लावली की दोन जागा अडतात.

मला खटकतं ते निराळंच. मानक सगळ्यांचं झालं, स्टेशनं एकाच मालकाची राहिली. एप्रिल २०२४ मध्ये मस्क यांनी चार्जिंगचा जवळपास सगळा, सुमारे पाचशे माणसांचा विभाग एका फटक्यात काढून टाकला. काहींना मग परत बोलावलं. त्या स्टेशनांवर भिस्त ठेवून बसलेल्या कंपन्यांना बातमी इतरांबरोबरच कळली.

युरोपात हा प्लग चालला नाही, आणि त्याला कारण आहे. तिथे थ्री-फेज वीज सहज मिळते. तिच्यासाठी पिना जास्त लागतात. जर्मनीच्या मेनेकेस कंपनीच्या प्लगला त्या सात आहेत, टेस्लाच्या दोन मोठ्या पिनांतून तीन फेज नेणार कशा? युरोपीय संघाने २०१४ मध्ये तोच मेनेकेसचा प्लग आणि त्याखाली डीसीच्या पिना जोडलेला ‘सीसीएस२’ ठरवला, आणि टेस्लानेही पुढे तिथे तो घेतला. भारतातल्या मोटारींनीही हीच वाट धरली; २०२० साली रांजणगावच्या कारखान्यातून आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला हेच तोंड. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटलं, तिथे विकायला ठेवलेल्या ‘मॉडेल वाय’लाही सीसीएस२च आहे.

टेस्लासारखी गोष्ट आपल्याकडे घडली ती स्कूटरींत. बेंगळुरूच्या एथरने एसी आणि डीसी एकाच तोंडाने घेणारा आपला प्लग इतर कंपन्यांना खुला केला, हीरोने तो ‘विडा’ला लावला आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याच्या आधारे हलक्या वाहनांसाठी मानक काढलं.