मोठे टायर टाकले आणि मडगार्डला घासायला लागले? पत्रा कापण्याआधी हे वाचा

शेतरस्ता, ओढा, चिखल अशा वाटेने रोज जाणाऱ्या बोलेरो, थार किंवा जुन्या जीपला मोठे टायर टाकायची हौस अनेकांना असते. गाडी जरा उंच होते, रुबाबदार दिसते. पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात घर्रर्र आवाज येतो आणि कळतं, टायर मडगार्डला घासतोय. मग घरचाच ग्राइंडर काढायचा आणि पत्रा उडवायचा, असा बेत ठरतो. हे काम घरी होऊ शकतं. पण कुठे कापायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिलं गणित टायरचं. बोलेरोला २१५/७५ आर १५ मापाचा टायर येतो. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला तर टायरची उंची साधारण ३० मिलिमीटरने वाढते. म्हणजे चाकाच्या मध्यापासून वर फक्त १५ मिलिमीटर, आणि रुंदी दोन्ही बाजूंना १०-१० मिलिमीटर. एवढ्यासाठी वीतभर पत्रा कापायची गरज नसते. बरेच जण मात्र तेच करून बसतात. याच टायरमुळे स्पीडोमीटरही कमी दाखवतो. काटा ६० वर असेल तर गाडी ६२ च्या वर पळत असते.

घासतंय नेमकं कुठे?

टायरच्या कडांना चुना किंवा खडू फासा. गाडीचं एक पुढचं चाक बांधावर किंवा दगडावर चढवा आणि स्टेअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवा. मागच्या चाकांसाठी गाडीत पोती भरून बघा, कारण रिकाम्या गाडीत मागचा टायर घासत नाही. जिथे पांढरा डाग उमटेल तीच जागा. बऱ्याचदा डाग मडगार्डच्या बाहेरच्या कमानीवर नसतोच. तो असतो चाकामागच्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर किंवा मडफ्लॅपवर. तिथे लायनर थोडा मागे ओढून बांधला किंवा फ्लॅप छाटला की काम भागतं.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी. पाटे बसले असतील तर गाडी एका बाजूला खाली झुकलेली असते आणि घासण्याचं मूळ तिथेच असतं. अशा वेळी पत्रा कापला तरी पाटे आणखी बसतील आणि टायर पुन्हा घासेल. जुन्या जीपमध्ये चाक किती वळावं यासाठी पुढच्या एक्सलवर स्टॉपर बोल्ट असतो. तो थोडा बाहेर काढला की चाक कमी वळतं आणि घासणं थांबतं. मात्र गाडी वळवायला जागा जास्त लागते, अरुंद बोळात ते जाणवतं.

पुढचं वेगळं, मागचं वेगळं

पुढचं मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टवर बसवलेलं असतं. चुकलं तरी दुसरं आणून लावता येतं, म्हणून सुरुवात इथूनच करावी. मागचं मडगार्ड बॉडीचाच भाग असतो. तिथे आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे कडेला जोडलेले असतात. ती कड कापली की दोन्ही सुटे होतात, मधल्या पोकळीत चिखल-पाणी जाऊन बसतं आणि आतून गंज सुरू होतो. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मागे कापायचंच असेल तर तिथल्या तिथे पुन्हा वेल्डिंग हवं, आणि ते सवयीच्या वेल्डरकडूनच करून घ्यावं.

कापण्याआधी बॅटरीची केबल काढा. लायनर उतरवून पत्र्यामागे काय आहे ते डोळ्यांनी बघा. ब्रेकचा होज, वायरिंग, डिझेलचा पाइप याच भागातून जातात. ब्रेकच्या होजला नुसता चरा गेला तरी तो पुढे घाटात फुटू शकतो. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नये, खाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा असावा.

पुठ्ठ्याचा साचा करून दोन्ही बाजूंना सारखी खूण करा. ग्राइंडरला एक मिलिमीटरचं कटिंग व्हील लावा. त्याचा गार्ड काढू नका, डोळ्यांवर चष्मा घाला. खुणेच्या अलीकडेच कापा, कमी पडलं तर पुन्हा कापता येतं. ठिणग्या काचेवर उडाल्या तर काचेला कायमचे ठिपके पडतात, म्हणून काचेवर ओलं पोतं टाका. पत्र्याखालचं डांबरी कोटिंग पेटू शकतं, पाण्याची बादली जवळच ठेवा.

कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करा. त्याच दिवशी झिंक प्रायमर, मग रंग, आणि कडेला रबरी बीडिंग. उघड्या कडेवर लांबी भरू नका. गाडी हादरली की ती तडकते आणि पाणी त्याच फटीत शिरतं.

टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर वर फ्लेअर लावायलाच हवा. नाहीतर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर खडी उडते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे टायर घेण्याआधीच आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा क्लेम अडकू शकतो. कापलेला मूळ पत्रा किंवा जुनं मडगार्ड भंगारात देऊ नका, पासिंगच्या वेळी परत लावायची वेळ येऊ शकते.