विजेचा आकडा देशोदेशी वेगळा का?

आपल्या गटांचे हिशेब वहीतून लॅपटॉपवर आले. त्यातले काही लॅपटॉप कुणाच्या भाच्याने, कुणाच्या जावयाने अमेरिकेहून आणलेले. त्यांची पिन चपटी, आपलं सॉकेट गोल भोकांचं. मग आम्हाला हमखास विचारतात, "लावला तर जळेल का हो ताई?" त्यासाठी थोडं मागे जाऊ.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू केलं. तेव्हाच्या दिव्यातली कार्बनची तार साधारण ११० व्होल्टला नीट चाले, म्हणून वीजही तेवढ्याच दाबाची. पुढे घरोघरी त्याच मापाचे दिवे झाले आणि आकडा चिकटला. आज तिथे १२० आहे.

बर्लिनच्या वीज कंपनीने मात्र १८९९ च्या सुमारास दाब दुप्पट केला, २२०. कारण होतं तांबं! दाब दुप्पट झाला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा पुरतो, आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे तार बारीक चालते. वाचलेल्या तांब्यातून कंपनीने गिऱ्हाइकांची उपकरणं बदलून देण्याचा खर्च भागवला. आपल्या गटालाही पटेल असा हिशेब.

आपल्याकडे इंग्रजांची पद्धत आली. आज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. गोल तीन पिनाही त्यांच्याच. त्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं, आपण गोलावरच राहिलो. जपानची तऱ्हा आणखी वेगळी. टोकियोने जर्मन यंत्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. त्यामुळे दाब सगळीकडे १०० व्होल्ट, पण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेकडून पुरेशी वीज देता येईना.

आता अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. 'इनपुट' पुढे १०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ असेल तर तो या सगळ्या देशांत चालतो. आतलं सर्किट दाब स्वतः जुळवून घेतं. फक्त भिंतीकडची वायर बदलावी लागते. अमेरिकन वायरीवर बऱ्याचदा १२५ व्होल्ट छापलेलं असतं, ती इथे नको. ती अडॅप्टरपासून सुटी होते. तिच्याऐवजी आयएसआय खुणेची तीन पिनांची वायर घ्यावी. कन्व्हर्टर म्हणून बाजारात मिळणारा छोटा प्लग फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब नाही. मोठी जाड पिन अर्थिंगची, ती मोडून काम चालवू नये.

आणि नुसतं १२० लिहिलेलं केस वाळवायचं यंत्र तिकडून कुणी प्रेमाने पाठवलं, तर ते इथे सॉकेटला लावू नका. तसंच लेकीबरोबर आपला मिक्सर अमेरिकेला धाडू नका. तिथे तो धड फिरणारही नाही. त्यापेक्षा चटणी वाटूनच द्या.