प्रत किती दूर ठेवायची? टेपपासून क्लाउडपर्यंत लिनक्स सर्व्हरचा बॅकअप

मागच्या व्याख्यानात आपण टेपपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे निघू. लिनक्सच्या सर्व्हरवर आजही रोज वापरली जाणारी ‘टार’ ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधून आलेली आहे, आणि तिचं नावच मुळी ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून पडलं. टेप गेली, नाव राहिलं. पण टेपच्या काळात एक गोष्ट फार सोपी होती, ती आज आपल्याला लक्षात ठेवायची आहे. प्रत दूर ठेवायची म्हणजे कोणीतरी टेप पिशवीत घालून दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायची. दूर म्हणजे दूर. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असं आपण चिडून म्हणतो. बॅकअपच्या बाबतीत मात्र नेमकं तेच हवं असतं! आग रामेश्वरी लागली तर प्रत सोमेश्वरीच असली पाहिजे.

नेटवर्क आल्यावर हे पिशवीचं काम तारेवरून होऊ लागलं. अडचण होती ती वेगाची. सगळा डेटा रोज पाठवणं परवडत नसे. १९९६ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ जाहीर केलं. त्याची युक्ती अशी, की दोन्ही टोकांच्या फायलींचे तुकडे आकड्यांच्या खुणांनी ताडून बघायचे आणि जेवढं बदललं असेल तेवढंच पाठवायचं. २००२ मध्ये ‘ड्युप्लिसिटी’ आलं. त्यात हीच युक्ती, जोडीला टार आणि कुलूपबंद कूटलेखन. म्हणजे प्रत परक्याच्या मशीनवर ठेवली तरी त्याला ती वाचता येऊ नये. क्लाउड हा शब्द रुळण्याआधीच तयारी झालेली होती, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

१४ मार्च २००६ ला ॲमेझॉनने ‘एस-थ्री’ सुरू केलं. दर होता एका गिगाबाइटला महिना १५ सेंट. आता लहानशा कंपनीलाही दुसरी इमारत लागेना. सर्व्हरवर रात्रीचं एक क्रॉन लावलं की झालं. आणि इथेच ‘दूर’ या शब्दाचा अर्थ हळूच बदलला. तो कसा, ते पुढच्या घटनेत दिसतं. तिच्यावर जरा थांबू.

‘कोड स्पेसेस’ नावाची एक कंपनी होती. लोकांचा सोर्स कोड सांभाळणं हाच तिचा धंदा. सर्व्हर ॲमेझॉनचे भाड्याचे, प्रतीही ॲमेझॉनकडेच. १७ जून २०१४ ला तिच्यावर खोट्या मागण्यांचा भडिमार सुरू झाला. पाठोपाठ कळलं, की कोणीतरी ॲमेझॉनच्या नियंत्रण फलकात शिरलंय आणि खंडणीचा निरोप ठेवलाय. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले. पण बघा, घुसणाऱ्याने आधीच जादा लॉगिन तयार करून ठेवले होते. कंपनी हालचाल करतेय हे दिसताच त्याने पुसायला सुरुवात केली. डिस्कचे स्नॅपशॉट गेले, एस-थ्रीमधल्या बादल्या गेल्या, मशीनच्या प्रतिमा गेल्या. बारा तासांच्या आत बहुतेक सगळं संपलं, आणि कंपनीने धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता हिशेब मांडू. प्रती नव्हत्या का? होत्या. निरनिराळ्या डिस्कवर होत्या का? होत्या. पण सगळ्या दारांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. टेप पुसायला माणसाला त्या इमारतीत जावं लागे. इथे घरबसल्या एका खात्यावरून मूळही पुसता आलं आणि प्रतही. मैलांनी दूर असलेली प्रत किल्लीने मात्र शेजारीच होती.

यानंतरच्या साधनांत हा धडा दिसतो. ‘बोर्ग’सारख्या लिनक्सवरच्या साधनात सर्व्हरला प्रत फक्त वाढवता येईल, जुनी खोडता येणार नाही, अशी सोय आहे. दुसऱ्याच खात्यात प्रत ठेवायची पद्धत रुळली. २०१८ च्या नोव्हेंबरात एस-थ्रीमध्ये ‘ऑब्जेक्ट लॉक’ आलं. त्याच्या कडक प्रकारात ठरवलेली मुदत संपेपर्यंत खात्याच्या मुख्य मालकालाही ती वस्तू पुसता येत नाही.

गंमत अशी, की किल्लीचं अंतर शिकता शिकता काही लोक इमारतीचं अंतर विसरले. १० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या दुसऱ्या इमारतीचाही काही भाग गेला. माणसं वाचली, हे भाग्य. ‘रस्ट’ या खेळाचा युरोपातल्या २५ सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला. एका गिऱ्हाईक कंपनीने तर बॅकअपचे वेगळे पैसे भरलेले. प्रत मूळ सर्व्हरपासून भौतिकदृष्ट्या अलग ठेवू, असं करारात लिहिलेलं. प्रत निघाली त्याच इमारतीत. २०२३ मध्ये लील इथल्या व्यापारी न्यायालयासमोर वाद झाला तो ‘अलग’ म्हणजे काय यावरच, आणि न्यायालयाने भरपाई द्यायला सांगितली.