घासाचा हिशेब : आहारवहीची चारशे वर्षे

आहारवही म्हणजे दिवसभरात काय, किती आणि केव्हा खाल्ले याची त्या त्या वेळी केलेली लेखी नोंद. वजन उतरवायचे असलेला, मधुमेह आटोक्यात ठेवू पाहणारा किंवा नुसतेच नीट जेवायचे ठरवलेला माणूस आज ती कागदावर नाहीतर मोबाइलवर ठेवतो. सवय नवी वाटते, पण तिच्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात नोंद करणारा हात आणि ती वाचणारे डोळे वारंवार बदलले. वैद्याचा स्वतःवरचा प्रयोग, रुग्णाचे पथ्य, गरिबाघरची पाहणी असे टप्पे ओलांडत ही वही पुन्हा जेवणाऱ्याच्याच हाती आली.

मापात खावे हा विचार अर्थातच वहीपेक्षा फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रव पदार्थांना आणि एक वात-पित्त-कफाला राखून ठेवायला सांगितले आहे. मात्र ही मात्रा शेर-मासे मोजून ठरत नसे. ती ज्याच्या त्याच्या अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर, अवलंबून असे. जेवल्यावर पोट जड झाले का, पुन्हा भूक वेळेवर लागली का, यावरून ती ओळखायची. माप शरीराच्या आतच होते. ते बाहेर काढून आकड्यांत मांडण्याची कल्पना युरोपात सोळाव्या शतकात दिसू लागली. पादुआत राहणारे लुइजी कोर्नारो यांनी १५५८ साली मिताहारावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी स्वतःचा रोजचा आहार बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षमद्य इतका नेमका सांगितला आहे. आप्तांच्या आग्रहाखातर हे प्रमाण थोडे वाढवले तेव्हा आजारपण आले, असेही ते नोंदवतात.

नोंदीला शास्त्राचे रूप दिले ते पादुआ विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) यांनी. मोठ्या तराजूच्या दांडीला त्यांनी एक खुर्ची टांगली आणि तिच्यावर बसून जेवायला सुरुवात केली. जेवणाआधीचे वजन, नंतरचे वजन, अन्नपाण्याचे वजन आणि मलमूत्राचे वजन अशा नोंदी त्यांनी सुमारे तीस वर्षे ठेवल्याचे सांगितले जाते. १६१४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्यांच्या ‘दे स्टाटिका मेडिचिना’ या ग्रंथात त्यांचे निष्कर्ष सूत्ररूपाने आले. पोटात गेलेल्या अन्नाच्या मानाने बाहेर पडलेले मलमूत्र फारच कमी भरते, हा त्यांचा मुख्य शोध. दिवसात आठ पौंड अन्नपाणी घेतले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता त्वचेवाटे आणि श्वासावाटे निघून जाते, असे त्यांचे गणित होते. या खुर्चीचा आणखी एक उपयोग होता. ती जमिनीपासून किंचित वर टांगलेली असे आणि ठरवलेले अन्न पोटात गेले की वजनाने खाली येई. आता हात आखडावा, ही खूण जेवणाऱ्याला खुर्चीच देई. आहारवहीची दोन्ही कामे, शरीर समजून घेणे आणि वेळीच थांबणे, या एका साधनात एकत्र होती. पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे ती वेगवेगळ्या वाटांनी गेली.

पहिली वाट प्रयोगशाळेची. श्वसन हे संथ ज्वलन आहे, हे फ्रान्समध्ये अंत्वान लाव्हाझिए यांनी १७८० च्या दशकात दाखवून दिले. अन्न हे इंधन ठरल्यावर त्याची उष्णता मोजता येणार होती. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील मिडलटाउन येथे विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांनी १८९० च्या दशकात एक बंदिस्त खोली उभारली. तिच्यात माणूस कित्येक दिवस राहू शकत असे. त्याला दिलेले अन्न, त्याने सोडलेला श्वास, त्याच्या शरीरातून निघालेली उष्णता, सगळे मोजले जाई. या कामातून एक ग्रॅम प्रथिन किंवा पिष्टमय पदार्थाला चार आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थाला नऊ कॅलरी हे आकडे रूढ झाले. आजही खाद्यपदार्थांच्या पाकिटांमागची बेरीज याच आकड्यांवर होते. ॲटवॉटर यांनी १८९६ साली अमेरिकी खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्तेही प्रसिद्ध केले. ‘दोन पोळ्या, एक वाटी वरण’ अशा नोंदीचे आकड्यांत रूपांतर करायला असा तक्ता लागतोच; त्याशिवाय आहारवही ही केवळ पदार्थांची यादी राहते.

दुसरी वाट रुग्णाची. लंडनमध्ये अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करणारे विल्यम बँटिंग स्थूलतेने इतके गांजले होते की बुटांचे बंद बांधायला वाकणेही त्यांना जड जाई. विल्यम हार्वे या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर जवळजवळ सोडले. १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे वजन २०२ पौंड होते. वर्षभरात ते ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी, उतरले. १८६३ साली स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकेत त्यांनी न्याहारीपासून रात्रीपर्यंतचे प्रत्येक खाणे औंसांत मांडले आणि तारीखवार वजनही छापले. सामान्य माणसाने आपल्या जेवणाचा हिशेब लोकांपुढे ठेवण्याचे हे गाजलेले उदाहरण ठरले. इंग्रजीत त्यांचे आडनाव पथ्याचा पर्याय म्हणून रुळले, आणि स्वीडिश भाषेत वजन उतरवण्यासाठी खाणे कमी करण्याला आजही ‘बांटा’ म्हणतात.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये अपोलिनेर बुशार्दा (१८०६–१८८६) मधुमेहींना स्वतःची लघवी रोज तपासायला शिकवत होते. १८७०–७१ च्या वेढ्यात शहरात अन्नटंचाई झाली, तेव्हा काही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. काय खाल्ले आणि शरीराने त्याला काय उत्तर दिले, यांची सांगड रुग्णाने स्वतःच घालायची, हे त्यांच्या उपचाराचे मर्म होते. बोस्टनमधील इलियट जॉस्लिन (१८६९–१९६२) यांनी हीच पद्धत पुढे नेली. १९२२ मध्ये इन्शुलिन वापरात येईपर्यंत मधुमेहाला काटेकोर पथ्याखेरीज दुसरा मोठा आधार नव्हता. तराजू आणि वही हीच तेव्हा रुग्णाची औषधे होती. १९१८ साली जॉस्लिन यांनी डॉक्टरांबरोबरच रुग्णांसाठीही मार्गदर्शिका लिहिली. इन्शुलिन आल्यावरही वही सुटली नाही, कारण औषधाची मात्रा जेवणाशी जुळवायची तर जेवण माहीत असावे लागते.

तिसरी वाट गरिबांच्या स्वयंपाकघरांतून गेली. सीबोम राउंट्री यांनी इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या दारिद्र्यावरचा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी अठरा कामकरी कुटुंबांनी आपली खरेदी आणि रोजचे जेवण लिहून ठेवले होते. त्या नोंदी ॲटवॉटर यांच्या प्रमाणांशी ताडून पाहिल्यावर दिसले की कष्टकऱ्यांच्या पोटात कामाच्या मानाने पुरेसे अन्न जातच नव्हते. गरिबी हा आळसाचा किंवा उधळेपणाचा परिणाम नसून पुष्कळदा मजुरीच अपुरी असते, हे या वह्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले. मुंबईत कामगार कार्यालयाने गिरणी आणि इतर कामगारांच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले आणि त्यांवरचा फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामांवरच्या कमाल शिध्याइतके, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंगातील कैद्याला ठरवून दिलेल्या अन्नापेक्षा कमी भरते, असा निष्कर्ष त्यात होता. घराघरांतल्या पीठमिठाच्या हिशेबातून इतके मोठे सत्य बाहेर आले.

भारतात स्वतःवर प्रयोग करून नोंद ठेवणाऱ्यांत मोहनदास गांधी यांचे उदाहरण ठळक आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियात त्यांनी न शिजवलेल्या अन्नावर राहण्याचा प्रयोग केला. भिजवलेले गहू, डाळ, तांदूळ, बेदाणे, फळे किती घेतली आणि शरीराला काय वाटले, याची तारीखवार नोंद त्यांनी ठेवली. ती पुढच्या वर्षी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ या पत्रात आली. प्रयोग जेमतेम दोन आठवडे टिकला. अशक्तपणा आला, तोही त्यांनी लिहून ठेवला. फसलेला दिवस वहीतून गाळायचा नाही, ही त्या नोंदीची मोठी शिकवण आहे.

भारतीय जेवणाला स्वतःचे तक्ते मिळायला मात्र वेळ लागला. तमिळनाडूतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली सुरू केलेल्या कामातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे संचालक वॉलेस ॲक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ही संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९७१ चे पोषणमूल्यांचे पुस्तक अनेक वर्षे आहारतज्ज्ञांच्या टेबलावर राहिले. २०१७ च्या नव्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण देखरेख केंद्राने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघरी आहाराची पाहणी केली. इथली अडचण वेगळी होती. आमटी एकाच पातेल्यात शिजते, भाकरी टोपल्यातून ज्याला लागेल तशी घेतली जाते आणि मीठ-तिखट चिमटीने पडते. म्हणून शिजवण्याआधीचा कच्चा शिधा तोलायचा, शिजलेल्या अन्नाचे एकूण माप घ्यायचे आणि ठरावीक मापाच्या वाट्या दाखवून प्रत्येकाचा वाटा विचारायचा, ही पद्धत वापरली गेली.

निरोगी माणसाने स्वतःच्या इच्छेने कॅलरी लिहिण्याची प्रथा लोकप्रिय केली ती लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. १९१८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने घरगुती वाचकांना पाव किंवा लोणी औंसांऐवजी शंभर कॅलरींच्या वाट्यांत मोजायला शिकवले. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी वहीत आणखी रकाने घातले. खाताना कुठे होतो, सोबत कोण होते, भूक होती की कंटाळा, हेही लिहायचे. कागदावर सवयीचा माग दिसू लागला, आणि दिसलेली सवय बदलण्याची शक्यता वाढली.

वहीच्या मर्यादाही शास्त्राने तपासल्या. १९९२ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांच्या नोंदी शरीराचा ऊर्जाखर्च मोजणाऱ्या चिन्हांकित पाण्याच्या चाचणीने पडताळल्या गेल्या. त्यांनी प्रत्यक्षात खाल्लेल्या अन्नापैकी सरासरी ४७ टक्के अन्न नोंदीत आलेच नव्हते. ही लबाडी मानण्याचे कारण नाही. भांडे घासताना खाल्लेली खरवड, मुलाच्या ताटातले उरलेले, चहाबरोबरची दोन बिस्किटे स्मरणातून सहज निसटतात. म्हणून रात्री आठवून लिहिण्यापेक्षा खाल्ल्याबरोबर लिहिलेली नोंद अधिक विश्वासाची. नुसत्या लिहिण्यानेही खाणे बदलते. संशोधकाला ही अडचण वाटते, पण आहार सुधारू पाहणाऱ्याला त्याचाच फायदा होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १,७०० जणांच्या अमेरिकी अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरल्याचे आढळले.

मोबाइलमुळे तक्ता, तराजूचा हिशेब आणि वही एकाच ठिकाणी आली. तरी पुरणपोळी किंवा थालीपीठ हे प्रत्येक घरी वेगळे असते, त्यामुळे यंत्रातला तयार आकडा हा अंदाजच असतो. घरातली एक वाटी आणि एक पळी एकदा मोजून तीच कायम वापरली, तर तो अंदाज स्थिर राहतो. खाण्याविषयीच्या मानसिक विकाराने ग्रासलेल्यांना आकड्यांची नोंद अपायकारक ठरू शकते. त्यांच्या उपचारातही वही असते, पण तिच्यात कॅलरी नसतात. वेळ, पदार्थ आणि मनाची अवस्था असते. आजाराप्रमाणे रकाने बदलतात, पण सांतोरिओंच्या खुर्चीपासून एक गोष्ट तशीच आहे : घास पोटात गेला, की त्याची नोंद त्याच वेळी व्हावी.